विणीच्या हंगामातला बास : आधी पाण्याचे तापमान, मग आमिष

वसंतात बास (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा) कुठे सापडेल हे महिन्यावरून ठरत नाही, पाण्याच्या तापमानावरून ठरते. फ्लोरिडातल्या ओकीचोबी तळ्यात लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा) बास जानेवारी-फेब्रुवारीतच अंडी घालू लागतो. टेक्सास-अलाबामाच्या जलाशयांत त्याला मार्च-एप्रिल लागतो, तर मिशिगन-मिनेसोटाकडे मे किंवा जून. त्यामुळे ‘एप्रिलमध्ये हे लूर (कृत्रिम आमिष) वापरा’ असल्या सल्ल्याचा उपयोग नाही. बोटीवर सोनार (पाण्याखालचे दाखवणारे आणि तापमान सांगणारे यंत्र) नसेल तर दोरीला बांधलेला साधा थर्मामीटरही पुरतो. तो पृष्ठभागावर धरू नका. उन्हात वरचे चार बोटे पाणी तापते आणि आकडा फसवतो. दोन फूट खाली सोडून मिनिटभर थांबा, आणि सकाळी एकदा व दुपारी तीनच्या सुमारास एकदा, असे दोनदा मोजा. दुपारी जिथे दोन-तीन अंश जास्त भरतील, तो कोपरा आधी धुंडाळायचा.

लार्जमाउथसाठी ढोबळ हिशेब असा. पाणी ९ ते १३ अंश सेल्सिअसला (४८ ते ५५ फॅरनहाइट) आले की मासा हिवाळ्यातली खोल जागा सोडतो आणि ओढ्याच्या तोंडाशी, पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकांवर, तळ जिथे एकदम उतरतो अशा पहिल्या पायरीवर, ६ ते १५ फुटांत येऊन थांबतो. १३ ते १६ अंशांना तो उथळात शिरून जोरात खातो. १६ ते २० अंशांच्या आसपास बहुतेक घरटी भरतात. सगळे मासे एकाच दिवशी घरट्यावर येत नाहीत. हा प्रकार टप्प्याटप्प्याने काही आठवडे चालतो, म्हणून एकाच तळ्यात एका टोकाला वीण उरकलेली आणि दुसऱ्या टोकाला अजून सुरूही न झालेली असते. स्मॉलमाउथ ही बासची दुसरी जात. तो थोड्या थंड पाण्यात, १३ ते १८ अंशांना अंडी घालतो, आणि त्याला खडी व दगड लागतात.

उत्तर गोलार्धात तळ्याच्या उत्तर बाजूचे कोपरे आधी तापतात. कारण साधे आहे : सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो आणि त्याचे ऊन या काठावर दिवसभर पडते, शिवाय उत्तरेचा गार वारा काठाच्या उंचवट्याने अडतो. तळ काळपट असेल, जवळ गवत किंवा लव्हाळे असेल आणि दहा-वीस हातांवर खोल पाणी असेल, तर अशी जागा सोडू नका. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. थंडीची लाट आली की मासा त्याच खोल पाण्यात मागे सरतो आणि ऊन पडले की परत येतो. खोल पाणी लांब असेल तर मासा तिथे मुक्काम करत नाही.

विणीआधीचे दिवस

वजनदार मादी हवी असेल तर ती याच काळात मिळते, कारण तिच्या पोटात अंडी भरलेली असतात आणि ती खातही असते. टेक्सासच्या शेअरलंकर या मोठे बास वाढवण्याच्या उपक्रमात १३ पौंडांवरची जिवंत मादी प्रजननासाठी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळातच घेतात, ते उगाच नव्हे. अर्थात मोठा मासा फक्त वसंतातच लागतो असा समज करून घेऊ नका. २२ पौंड ४ औंसांचा (सुमारे १० किलो) जागतिक विक्रम जॉर्ज पेरीने जॉर्जियात २ जून १९३२ ला केला आणि मानाबू कुरिताने जपानच्या बिवा तळ्यात २ जुलै २००९ ला त्याची बरोबरी केली. दोन्ही तारखा उन्हाळ्याच्या आहेत.

पाणी १३ अंशांखाली असेल तर सस्पेंडिंग जर्कबेट (थांबवले की पाण्यात अधांतरी राहणारे, माशाच्या आकाराचे लूर) लावा. १० ते १२ पौंडी (इतका ताण सोसणारी) फ्लुरोकार्बन दोरी घ्या, कारण ती बुडते आणि लूरला खाली ठेवते. रॉडच्या टोकाने खाली दोन छोटे झटके द्या, मग थांबा. हे थांबणे खरे काम करते : १० अंशांच्या पाण्यात आठ-दहा सेकंद, १३ अंशांच्या आसपास तीन-चार. थंड मासा पाठलाग करत नाही, तो थबकलेल्या आमिषाकडे सावकाश सरकतो. थांबल्यावर लूर हळूहळू वर यायला लागले तर त्यात बिघाड नाही. थंड पाणी जड असते, म्हणून खोक्यातून काढलेले लूर त्यात तरंगते. पुढच्या गळाजवळ पोटाला शिशाची चिकटपट्टी थोडी थोडी लावत काठाशी तपासा. नाक किंचित खाली ठेवून लूर जागच्या जागी राहिले पाहिजे.

१३ अंशांवर, चार ते आठ फुटांत गवत असेल तर अर्ध्या औंसाचे लिपलेस क्रँकबेट (तोंडाला पट्टी नसलेले, ओढताना थरथरणारे कडक लूर) घ्या, लालसर किंवा नारिंगी रंगाचे. ते गवताच्या शेंड्यांना घासत आणायचे. अडकले की हळू ओढून सोडवू नका, रॉडला एक हिसका द्या. गवतातून ते सुटते त्या क्षणी सर्वाधिक चावे येतात. अजिबात अडकत नसेल तर तुम्ही फार वरून आणताय, आणि प्रत्येक फेकीला गवताचा झुबका येत असेल तर फार हळू. या लूरवरचे मासे अर्ध्या वाटेत सुटतात, ते बहुधा कडक रॉडमुळे. तिहेरी गळाचे टोक बारीक असते, ताठ रॉड ते मांस फाडून बाहेर काढतो. सात फुटी, मधल्या भागापर्यंत वाकणारा रॉड घ्या आणि चावा आल्यावर झटका न देता नुसता ताण वाढवा.

झुडपे, बुडालेली खोडे आणि धक्क्यांचे खांब यांसाठी टेक्सास रिग लागते, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या आमिषात गळाचे टोक लपवायची मांडणी. पाव औंसाचे बुलेट (गोळीच्या आकाराचे) शिसे, ४/० मापाचा ऑफसेट (वरच्या टोकाशी बाक असलेला) गळ, १५ पौंडी फ्लुरोकार्बन आणि मिडियम-हेवी (बऱ्यापैकी ताठ) रॉड. आमिषाच्या डोक्यात गळ सहा-सात मिलिमीटर घालून बाजूने काढा, वळवून डोके गळाच्या बाकावर बसवा, मग टोक अंगातून आरपार नेऊन वरच्या कातडीत जेमतेम लपवा. आमिष सुतासारखे सरळ दिसले पाहिजे. ते वाकडे राहिले तर गरगर फिरते, दोरीला पीळ बसतो आणि मासा तोंड लावत नाही. चावा जाणवला की आधी ढील गुंडाळा, मग झटका. ढिलीत दिलेला झटका दोरीतच जिरतो. गाठ पॅलोमार (दोरी दुहेरी करून बांधायची) बांधा, आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि फ्लुरोकार्बन तिथेच तुटते.

थंडीची लाट येऊन आकाश निरभ्र झाले की चावे बंद पडल्यासारखे वाटतात. तेव्हा जागा बदलण्याआधी वेग कमी करा. मासा आडोशाला चिकटलेला असतो, म्हणून तीन-अष्टमांश औंसाचे जिग (शिशाचे डोके असलेला गळ) झुडपाच्या अगदी बुडाशी टाकून पडू द्या. तरीही काही नसेल तर पहिल्या उताराकडे सरका.

घरटे

नर शेपटीने गाळ उडवून कठीण तळावर दोन-तीन फूट व्यासाची गोल बशी करतो, बहुधा एक ते चार फूट खोलीत. पाणी नितळ असेल तर आणखी खाली. आजूबाजूच्या तळाहून ती फिकट दिसते. पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या) चष्म्याची तांबूस काच उथळ पाण्यात सर्वात चांगली चालते. घरट्यावर कायम असतो तो लहान मासा नर. मोठी मादी अंडी घालण्यापुरती येते आणि जाते. तापमानाप्रमाणे अंडी काही दिवसांतच फुटतात, पण पिल्ले पोहू लागल्यावरही नर त्यांच्याभोवती बरेच दिवस राखण करतो.

म्हणून या माशाशी वागण्याची रीत वेगळी असते. नर काही मिनिटे दूर झाला तरी आसपासचे ब्लूगिल हे छोटे मासे आत घुसून अंडी फस्त करतात. त्याला बोटीच्या टाकीत घालून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला सोडले तर ते घरटे गेलेच म्हणून समजा. घरट्यावर मासेमारी करायचीच असेल तर मासा मिनिटाच्या आत, त्याच जागी परत सोडायची तयारी ठेवा. ती नसेल, किंवा ब्लूगिल घोटाळताना दिसत असतील, तर पुढे जा. आधी त्या जागेचा चालू वर्षाचा नियमही वाचा : काही राज्यांत या काळात फक्त पकडून लगेच सोडण्याची मुभा असते, काही ठिकाणी हंगामच बंद असतो. कॅनडातल्या ओंटारियोच्या बऱ्याच भागात तो जूनच्या उत्तरार्धात उघडतो.

बोट २०-२५ फूट दूर ठेवा आणि आपली सावली घरट्यावर पडू देऊ नका. आमिष घरट्याच्या पलीकडे टाकून ओढत आत आणा, कारण डोक्यावर पडलेल्या आमिषाने मासा उधळतो. पांढरे प्लास्टिकचे आमिष वापरा, माशासाठी नव्हे, तुम्हाला दिसावे म्हणून. मासा नाक खाली करून आमिषावर उभा राहिला की हालचाल थांबवा. पांढरा ठिपका नाहीसा झाला तरच झटका द्या, नाहीतर गळ तोंडाबाहेर लागतो. दूर गेलेला मासा मिनिट-दोन मिनिटांत परतला तर तो घरट्याला घट्ट बांधलेला आहे. दहा मिनिटे फिरकला नाही तर त्याचा नाद सोडा.

वीण उरकल्यावर

पाणी २१ अंशांपुढे गेले की थकलेल्या माद्या धक्क्यांखाली आणि पहिल्या उतारावर विसावतात. पाच इंची स्टिकवर्म (मऊ प्लास्टिकचा सरळ किडा) मधोमध रबरी कडी घालून १/० गळावर वॅकी रिगने, म्हणजे गळ त्या कडीत अडकवून, लावा आणि शिसे न लावता किंचित ढिल्या दोरीवर पडू द्या. पहाटे काठाला शॅड माशांचे थवे पाणी उडवत असतील तर तासभर पॉपर (पृष्ठभागावर पाणी उडवत आवाज करणारे लूर) चालवा. ऊन वर आले की तो खेळ संपतो.

हाताळणी

मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याचा चिकट थर निघतो. मोठ्या माशाला नुसत्या जबड्याने आडवे उचलू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. वॅकी रिगवर चावा उशिरा कळतो आणि गळ घशात जातो. तो सहज दिसत नसेल तर चिमट्याने ओढाओढ करू नका. दोरी गळाजवळ कापा आणि मासा पाण्यात सोडा.