कामावर दुखापत झाली? त्याच दिवशी लेखी कळवा
कामावर जखमी झालेले कित्येक जण ‘चूक माझीच होती’ म्हणून भरपाई मागतच नाहीत. कृपया असं करू नका. १८८४ साली जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला, तेव्हापासून या व्यवस्थेचा पायाच असा आहे की चूक कोणाची हे सहसा पाहत नाहीत. दुखापत कामामुळे झाली का, एवढंच पाहतात. (मुद्दाम करून घेतलेली इजा अर्थातच वगळली जाते.)

म्हणून त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा: तारीख, वेळ, जागा, काय करत होतात, कोणी पाहिलं. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. डॉक्टरांना नुसतं ‘हात दुखतो’ म्हणू नका. ‘काम करताना मशीनमध्ये हात अडकला’ असं सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहिलंय ना, ते तिथेच वाचून बघा. दावा अनेकदा याच कागदावर अडतो.

भरपाई म्हणजे फक्त दवाखान्याचं बिल नव्हे. बुडालेल्या पगाराचा काही भाग, कायमचं अपंगत्व आल्यास वेगळी रक्कम, मृत्यू झाल्यास कुटुंबाला आधार, हेही त्यात येतं. आणि दुखणं किती राहणार हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत ‘आता काही मागणं नाही’ अशा कागदावर सही करू नका.