डॉ. जॉन्सन वाचायचाय? मग बॉस्वेल थोडा लांब ठेवा

सॅम्युअल जॉन्सन, म्हणजे अठराव्या शतकातला इंग्रज लेखक, वाचायचा म्हटलं की लोक हमखास बॉस्वेलने लिहिलेलं त्याचं जाडजूड चरित्र उचलतात आणि दीडदोनशे पानांत दमून ठेवून देतात. पुस्तक भारीच आहे, पण सुरुवातीला नको. बॉस्वेल त्याला पहिल्यांदा भेटला १६ मे १७६३ ला, लंडनच्या एका पुस्तकाच्या दुकानात, तेव्हा जॉन्सन ५३ वर्षांचा, त्याने केलेली इंग्रजी डिक्शनरी कधीच छापून झालेली, वर्षाला ३०० पौंड सरकारी पेन्शन चालू. म्हणजे तिथे दिसतो तो चहावर चहा पीत समोरच्याला गप्प करणारा म्हातारा. पानामागे पैसे मोजून घेणारा, उधारीत बुडालेला जॉन्सन त्यात फार कमी सापडतो, आणि माझ्या मते खरा लेखक तोच.

वाचायच्या आधी एवढं माहीत असलं की पुरे: जन्म १७०९, लिचफिल्ड, वडलांचं पुस्तकांचं दुकान, लहानपणी गंडमाळा झाल्या आणि नजर कायमची अधू. ऑक्सफर्डला गेला पण पैसे संपले म्हणून वर्षभरातच डिग्री न घेता परत. मग वयाने वीस वर्षांनी मोठ्या विधवेशी लग्न, तिच्या पैशावर शाळा काढली, ती चालली नाही, आणि १७३७ मध्ये त्याच शाळेतल्या डेव्हिड गॅरिकला (हाच पुढे इंग्लंडचा गाजलेला नट झाला) बरोबर घेऊन लंडन गाठलं.

आता पहिलं पुस्तक. १७४४ मध्ये आलेलं रिचर्ड सॅव्हेजचं चरित्र. छोटं आहे, दोनतीन बैठकांत होतं. सॅव्हेज हा कवी, भांडकुदळ, उधळ्या, कॉफीहाऊसमधल्या मारामारीत खून करून फाशीची शिक्षा झालेला आणि मग राजाची माफी मिळून सुटलेला, शेवटी १७४३ मध्ये ब्रिस्टलच्या तुरुंगात मेला, तोही कर्जापायी. जॉन्सन आणि तो दोघंही कफल्लक होते तेव्हा खोलीला पैसे नसले की रात्रभर लंडनच्या रस्त्यांवर गप्पा मारत फिरायचे, त्यामुळे हे चरित्र बाहेरून बघून लिहिलेलं नाही. जॉन्सनला याचे मिळाले १५ गिनी. चित्रकार रेनॉल्ड्सने ते शेकोटीच्या कट्ट्यावर हात टेकून उभ्याउभ्या वाचायला घेतलं आणि संपवूनच ठेवलं, तोवर हात पार बधीर.

वाचताना एक काळजी मात्र घ्या. आपण एका काउंटेसचा अनौरस मुलगा असं सॅव्हेज सांगायचा आणि जॉन्सनने ते सरळ मान्य केलंय, नंतरच्या अभ्यासकांना ते पटत नाही. तेव्हा आईवर तुटून पडलेली पानं माहिती म्हणून घेऊ नका. मजा वेगळीच आहे, कुठे तो मित्राची बाजू घेतोय आणि कुठे त्याच दमात त्याला फटकारतोय ते पेन्सिलने खुणा करत बघा, बऱ्याचदा एकाच वाक्यात दोन्ही असतं.

त्यानंतर 'रॅम्बलर' या जॉन्सनच्याच नियतकालिकातला ६० नंबरचा निबंध, १७५० चा, चारपाच पानांचा. चरित्र कसं लिहावं यावर. कुळापासून अंत्यविधीपर्यंतच्या औपचारिक हकिगतीपेक्षा त्या माणसाच्या नोकराशी थोडा वेळ बोललात तर जास्त कळेल, असं तो तिथे म्हणतो. हे १७५० मध्ये, बरं का.

मग मोठं काम, कवींची चरित्रं, १७७९ ते ८१. ५२ कवी आहेत, सगळे वाचायला जाऊ नका. यादी बहुतेक पुस्तकविक्रेत्यांनी ठरवलेली, त्यातले निम्मे आज कोणाला आठवत नाहीत, जॉन्सनलाही काहींचा कंटाळा आलेला सरळ दिसतो. अलेक्झांडर पोप, ड्रायडन, स्विफ्ट, मिल्टन, ग्रे एवढे घ्या आणि सुरुवात पोपपासून करा. आधी आयुष्य, मग स्वभाव, मग कवितांची चिकित्सा असा साधारण साचा असतो, पहिल्या वाचनात चिकित्सा सोडली तरी चालेल. मिल्टनबद्दल तो राजकारणामुळे चिडलेला आहे हे धरूनच वाचा, त्याच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याचं भरभरून कौतुक करतो आणि पुढे म्हणतो की ते अजून लांब असायला हवं होतं असं कधी कोणाला वाटलं नाही.

वाक्यं लांब असतात, तिथे मोठ्याने वाचा, तोल लगेच कळतो. पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहेत.

एवढं झालं की बॉस्वेल घ्या, आणि थेट १७६३ पासून.

इंग्रजी जड जात असेल तर मराठीतूनही वाट आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जॉन्सनवर ऐसपैस लिहिलंय. आणि आईच्या अंत्यसंस्काराचा खर्च भागवायला जॉन्सनने १७५९ मध्ये आठवडाभरात लिहिलेलं 'रासेलस' हे कथापुस्तक वडील कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री या दोघांनी मिळून मराठीत आणलं. लायब्ररीत मिळालं तर इंग्रजी शेजारी उघडून एखादं प्रकरण ताडून बघा, वाक्य अडलं की शास्त्रीबुवा कामाला येतात.