नवी बॅटरी टाकूनही गाडी ‘कट-कट’ करतेय? अर्थिंगच्या या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत नवी बॅटरी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर नुसतंच ‘कट’, आणि डॅशबोर्डच्या दिव्यांनी मान टाकली. बॅटरीवाल्याने मीटर लावला. 12.6 व्होल्ट. “साहेब, बॅटरी टकाटक आहे.” आणि ती होतीच! वर्षानुवर्षं जुन्या बॅटरीचं ॲसिड झिरपून मायनसची जाड वायर गिअरबॉक्सच्या टोकाला, थिंबलच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टखाली जाणारी धातूची कडी) आत, सडली होती. बॅटरी बदलताना ती वायर वाकवली गेली आणि जेमतेम तग धरून असलेल्या तारांपैकी बऱ्याच तुटल्या. बाहेरचं काळं प्लास्टिक मात्र कोरं करकरीत. बोटांनी दाबलं तेव्हा आतून वाळू चुरगळल्यासारखं लागलं. कापून पाहिलं तर आत हिरवी भुकटी.

गाडीचं अर्थिंग म्हणजे घरासारखी जमिनीत पुरलेली पट्टी नव्हे. प्लसमधून निघालेला करंट मायनसला परत यायची वाट म्हणजे गाडीची बॉडी. पण इंजिन बसलेलं असतं रबराच्या माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून मायनसपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सला एक जाड वायर आणि बॉडीला दुसरी, अशी सोय असते. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनामो) दोघांची अर्थ इंजिनमधूनच जाते. इंजिनची वायर गेली की सेल्फही कण्हतो आणि चार्जिंगही पडतं. जुन्या गाड्यांत तर वाट न सापडलेला करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जायला बघतो आणि केबल तापते.

आता चुकांकडे. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मीटर ‘पिप’ वाजण्यावर ठेवून वायर चेक करणे. शंभर तारांतली एक जरी शाबूत असली तरी मीटर पिप वाजवतो. तेवढ्या तारेतून मीटरचा किरकोळ करंट जातो, सेल्फचे दीडशे ॲम्पियर जात नाहीत. हिशेब करा: सांध्यात 0.01 ओहम एवढाच अडथळा असला तरी 150 ॲम्पियरला दीड व्होल्ट तिथेच जिरतो. साध्या मीटरला 0.01 ओहम दिसतही नाही.

म्हणून करंट वाहत असताना मोजायचं. इंधनाच्या पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. मीटर डीसी 20 व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर चोर सापडला. मग लाल पिन इंजिनवरून थिंबलवर, थिंबलवरून क्लॅम्पवर अशी सरकवत या. आकडा जिथे एकदम खाली येतो तो सांधा खराब.

यात एक मेख आहे. आपण सरसकट ‘टर्मिनल’ म्हणतो त्या खरं तर दोन वस्तू: बॅटरीवरचा शिशाचा पोल आणि वायरच्या टोकाचा क्लॅम्प. बिघाड बऱ्याचदा या दोघांच्या मधेच दडलेला असतो. काळी पिन क्लॅम्पवर टेकवलीत तर तो तुम्हाला दिसणारच नाही. पिन पोलच्या मध्यावरच टेकवा.

मीटर नसेल तर जंपर केबलची एक तार मायनस पोल आणि इंजिनचा धातू यांना जोडून सेल्फ मारा. खडखडीत फिरला तर अर्थ वायर बदला, बॅटरीवाल्याशी भांडू नका.

क्लॅम्प सैल बसणे हा नव्या बॅटरीचा खास रोग. पोल दोन जाडीचे येतात: जाड (प्लस बुडाशी साधारण 19.5 मिमी) आणि बारीक (साधारण 14.7 मिमी). मायनसचा पोल दोन्हींत प्लसपेक्षा बारीकच असतो. 46बी24एल आणि 46बी24एलएस या नंबरच्या बॅटऱ्या दिसायला जुळी भावंडं, पण ‘एस’वालीचे पोल जाड. दुकानातून उचलताना हे बघा. बारीक पोलवर जाड क्लॅम्प आला की पत्र्याची चकती किंवा तारेचं वेटोळं कोंबण्याची आपल्याकडे फार हौस. त्याऐवजी शिशाची तयार टोपी मिळते, ती घाला. घट्ट केल्यावर हाताने पिळून बघा. जरा जरी फिरला तरी नापास.

बॉडीच्या बोल्टखाली रंग असेल तर थिंबल रंगावर बसते, पत्र्यावर नाही. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, बोल्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणं हा उलटा क्रम. किनारपट्टीवर हे दर पावसाळ्याआधी केलेलं बरं. पोलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जाते, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणात जाऊ देऊ नका.

काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. प्लसवर असताना पान्हा बॉडीला टेकला की ठिणगी उडते. मायनस आधी सुटलेला असेल तर काहीच होत नाही. आणि “डायनामो चेक करतो” म्हणत चालू गाडीचा क्लॅम्प उपटणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

नवीन गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवरच छोटा सेन्सर असतो. हॉर्न, फॉग लॅम्प, ॲम्प्लिफायर यांच्या अर्थ तारा थेट पोलवर लावल्या तर तो करंट सेन्सरला कळतच नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकतो. त्या तारा बॉडीला लावा.

बाकी, बॅटरी बदलल्यावर आयडलिंग वर-खाली होणं किंवा पॉवर विंडोचं ऑटो बंद पडणं हे सगळं अर्थिंगच्या माथी मारू नका. बॅटरी सुटल्याने गाडीच्या कॉम्प्युटरच्या आठवणी पुसल्या जातात. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की बऱ्याच गाड्यांत ऑटो परत येतं. आयडलिंग थोडं चालवल्यावर बसतं. पण ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरचा दिवाही अंधूक लुकलुकत असेल, तर बॅटरीकडे जाऊच नका, मागचा दिवा उघडा. तिथल्या होल्डरची अर्थ गेलेली असते.