टेबल सॉवर हातमोजे नकोच
वागळे इस्टेट, तुर्भे, कोपरखैरणेकडे छोट्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरगं कामाला लागलं की सेफ्टी म्हणून आधी हातमोजे देतात, पण टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या लाकूड कापायच्या मशीनवर, तेच सगळ्यात डेंजर, कारण मोज्याचा धागा दातात अडकला की ब्लेड हातच आत ओढतं, मागे घ्यायला वेळच मिळत नाही. मोजे प्लाय उचलताना घाला, मशीन चालू करायच्या आधी काढा. फुल बाही, गळ्यातला गमछा, कडं यांचंही तेच.

गॉगल मात्र हवाच, कानात प्लग, आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कापताना एन-९५ मास्क, साध्या रुमालाने ती बारीक धूळ अडत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड दमट असतं, कापता कापता चीर मिटते, ब्लेडची मागची बाजू चावली जाते आणि तुकडा सुसाट अंगावर येतो. म्हणून ब्लेडमागची पात, रायव्हिंग नाइफ म्हणतात ती, मध्ये येते म्हणून काढून ठेवू नका प्लीज, आणि ब्लेडच्या सरळ रेषेत न राहता जरा बाजूला उभे राहा. ब्लेड लाकडाच्या वर ५-६ मिमीच ठेवा. फेन्स (लाकूड जिला टेकवून सरळ ढकलतात ती बाजूची पट्टी) आणि ब्लेडमध्ये १५ सेमीपेक्षा कमी जागा असेल तर हाताने नाही, पुश स्टिकनेच (ढकलायच्या काठीने) ढकला, प्लायच्या तुकड्यातून पाच मिनिटांत बनते. हेल्परला सांगा, समोरून शीट फक्त धरायची, खेचायची नाही.