फ्रेम आधी उलटी करा

गणपतीच्या आधी आठवडाभर भाचा माझ्या सायकलच्या दुकानात आला तो काखेत नवीकोरी फ्रेम घेऊन. फिकट हिरवी, सवलतीत मिळालेली, अजून प्लास्टिकही न सोडलेली. "मामा, माझी जुनी चाकं आणि बाकीचं सामान हिच्यावर चढवून द्या. आता ऑफिसला सायकलनेच जाणार." राहतो नाचण्याला, ऑफिस खाली बाजारात. म्हणजे सकाळी उतार, संध्याकाळी चढ, आणि वर्षातले चार महिने रत्नागिरीचा पाऊस, तीन हजार मिलीमीटरच्या वर.

"वजन बघा ना. एका बोटावर उचलते."

डबा, लॅपटॉप आणि रेनकोट मिळून पाच किलो पाठीवर घेणारा माणूस फ्रेममधले तीनशे ग्रॅम मोजतो, याची मला आता सवय झाली आहे. मी प्लास्टिक सोडलं आणि फ्रेम टेबलावर उलटी ठेवली. नवी फ्रेम पारखायची तर सुरुवात तिथून करा. रंग आणि स्टिकर वर असतात, कामाचं सगळं खाली आणि मागे.

उलटी केल्यावर पहिलं दिसतं ते बीबीचं (बॉटम ब्रॅकेटचं) नळकांडं, पायडलच्या क्रँकचा एक्सल ज्यातून जातो ते. आत आटे आहेत का बघा. आटे असतील तर बहुतेक वेळा इंग्लिश मापाचे निघतात: व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे, नळकांड्याची रुंदी ६८ किंवा ७३ मिलीमीटर. त्यात बसणारं सामान गल्लीतल्या दुकानातही मिळतं. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. हे ठाऊक नसताना चौदाव्या वर्षी मी वडिलांच्या दुकानात पान्ह्याला पाईप लावून एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमचे आटे खाल्ले होते. फ्रेमचे पैसे वडिलांनी भरले. मग पुढचा महिनाभर मी फक्त पंक्चर काढली.

आत गुळगुळीत भोक असेल तर ती प्रेस फिट. बेअरिंग दाबून बसवायचं, काढायचं तर वेगळं हत्यार. शर्यतीच्या सायकलला ठीक असेल. आपल्याकडे लाल चिखलाचं पाणी आत गेलं की एका पावसाळ्यात कुरकुर सुरू होते आणि ती कुठून येते हे शोधण्यात तुमचे दोन रविवार जातात. रोजच्या सायकलला मला ती नको.

आता एक गोष्ट करा, घरचे हसले तरी करा. फ्रेम सुलटी धरा आणि सीटच्या नळीतून तांब्याभर पाणी ओता. कुठून बाहेर येतं ते बघा. बीबीच्या तळाला भोक असेल तर पाणी तिथून पडेल. नसेल तर ते आतच राहील, आणि पावसात सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांडीच्या, फटीतून जाणारं पाणीसुद्धा तसंच राहणार. लोखंडी फ्रेम आपल्याकडे बाहेरून सडत नाही, आतून सडते. रंग शाबूत असतो आणि एक दिवस बीबीजवळची नळी बोटाने दाबली तरी चुरा होतो. पाहणी झाली की फ्रेम उलटी टांगून पूर्ण सुकवा. लोखंडी असेल तर नळ्यांत तेल सोडून चारी बाजूंनी फिरवून घ्या.

लोखंड की अ‍ॅल्युमिनियम, हे मला रोज एकजण तरी विचारतो. लोखंडी फ्रेमला तडा गेला तर गॅस वेल्डिंगवाला पितळ भरून देतो. अ‍ॅल्युमिनियमला गंज लालभडक चढत नाही, पण वेल्डिंग केलेल्या जागी त्याचा कडकपणा जातो, त्यामुळे तडा गेला की फ्रेम संपली असं धरा. आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू, किंवा लोखंडात अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट, मध्ये खारी हवा: दोन धातू एकमेकांना चिकटून बसतात. एकाचा सीटपोस्ट दोन पावसाळे कोणी हलवलाच नव्हता. मिरकरवाडा बंदराजवळ राहणारा माणूस, सायकल रात्रंदिवस वाऱ्यावर. तेल, ठोके, पाइप पान्हा, काही चाललं नाही. शेवटी पोस्ट वरून कापला आणि हॅकसॉचं नुसतं पातं फडक्यात धरून नळीच्या आतून उभी चीर पाडली, फ्रेमला लागू न देता. दुपारी जेवून बसलो तो दिवेलागणीला उठलो. पोस्ट जुळवताना ग्रीसचं एक बोट फिरवलं असतं तर वाचलं असतं. पोस्टचं माप व्हर्नियरने बघा. २७.२ मिलीमीटर सगळ्यात सोयीचं, पटकन मिळतं. २७.० चा पोस्ट २७.२ च्या नळीत जातो, पण आवळून आवळून नळीची चीर मिटते आणि सीट रोज थोडी खाली जाते.

यानंतर मागची खाच, मागच्या चाकाचा एक्सल बसतो ती. माझ्या मते फ्रेमची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

खाच असलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजा. जुन्या एका गिअरच्या सायकलींना ११० किंवा १२०, रस्त्यावरच्या गिअरवाल्यांना १३०, हायब्रिड आणि एमटीबीला, म्हणजे डोंगरी सायकलला, १३५. लोखंडी फ्रेम १३० ची असेल आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १३५ चा, तर दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिलीमीटर फाकवून निभतं. अ‍ॅल्युमिनियम फाकवू नका. हिरव्या फ्रेमचं अंतर निघालं १४२, आणि खाच नव्हतीच, बंद भोक होतं, १२ मिलीमीटर जाडीचा एक्सल आरपार घालायचं. भाच्याचा हब १३५ चा, क्विक रिलीजचा. म्हणजे मागचं चाक बसणार नव्हतं. मी काही बोललो नाही, व्हर्नियर त्याच्या हातात दिला.

खाच आडवी आहे की उभी, हेही बघा. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा, असलेल्या सायकलला उभी चालते, कारण चेनचा ढिलेपणा डिरेलर ओढून घेतो. एकच गिअर किंवा हबच्या आतले गिअर लावायचे असतील तर चेन ताणायला चाक मागेपुढे सरकलं पाहिजे. किती? चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, पण साध्या चेनमधून दोन कड्यांची जोडीच काढता येते, म्हणजे एक इंच. चेन वरून आणि खालून दोन्हीकडून आवळली जाते, म्हणून एक्सल अर्धा इंच सरकतो, १२.७ मिलीमीटर. एवढी तर खाच हवीच, शिवाय चेन घासून लांबते त्यासाठी थोडी जागा. वीस मिलीमीटर असेल तर निर्धास्त.

खाचेचं तोंड मागे असेल तर चाक मागे ओढून काढावं लागतं आणि मडगार्ड आडवं येतं. भर पावसात भाट्याच्या पुलावर पंक्चर झालं की मडगार्डचे स्क्रू सोडत बसा. तोंड पुढे असलेलं बरं. काही फ्रेमना पूर्ण पट्टीच सरकते, ब्रेकसकट. महाग पडतात, पण डिस्क ब्रेक आणि हब गिअर एकत्र हवे असतील तर तेच नीट काम.

भाच्याला पुढेमागे हब गिअर लावायचाय. शिमानोचा आठ गिअरचा नेक्सस घेतला तर पट्ट्यांमध्ये १३२ लागतं, १३५ मध्ये वॉशर घालून जमतं. पुढे ३८ दाते, मागे १९, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ०.५२७: ७०० च्या चाकावर एका पायडलात सव्वादोन मीटरच्या जरा वर जाता. पुढे ४४ आणि मागे १८ असलेली आपली काळी सायकल तेवढ्यात साडेपाच मीटरच्या आसपास जायला बघते, म्हणून नाचण्याच्या चढाला लोक उतरून ढकलतात. हब गिअरचा एक्सल खाचेत फिरू नये म्हणून खास वॉशर येतात, आणि ते खाचेच्या कोनाप्रमाणे वेगवेगळे असतात. फ्रेमचा फोटो दाखवून मगच मागवा.

चाकाच्या मापात बाजार फसवतो, मुद्दाम नाही, सवयीने. टायरवर '२८' लिहिलेलं असतं. काळ्या सायकलचं २८ म्हणजे रिमचा व्यास ६३५ मिलीमीटर. हायब्रिडचं ७०० चं टायर, त्याच्यावरही कधी २८ छापतात, त्याचा व्यास ६२२. '२६' तर आणखी गमतीचं: ५५९, ५८४, ५९० तिन्ही निघतात. इंच विसरा, टायरच्या कडेला ३७-६२२ असा आकडा बारीक अक्षरात असतो तो वाचा. ६३५ चं चाक ६२२ च्या फ्रेममध्ये घातलं तर ब्रेकचा रबर साडेसहा मिलीमीटर वर न्यावा लागतो. रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या व्ही ब्रेकच्या रबराची खाच कधी तेवढी पुरते, कधी नाही, आणि वर मडगार्डला जागा उरत नाही.

ब्रेकचं बोलायचं तर हिरव्या फ्रेमला फक्त डिस्कची जागा होती, व्ही ब्रेकचे खुंटे नाहीत. भाच्याच्या हबना डिस्क लागत नाही. झालं, पुढचं चाकही बाद. पावसात डिस्क चांगलीच, यात वाद नाही. जांभ्याची माती रबरात अडकते आणि रिमला कानशीसारखी घासते. बऱ्याच रिमना कडेला बारीक रेघ कोरलेली असते, ती पुसली की रिम बदलायची. पण घरात दोन चांगली चाकं पडून असतील तर त्यांच्यासाठी खुंटेवाली फ्रेम घ्यायला मी मागेपुढे बघणार नाही. ब्रेकचा लिव्हर मात्र त्याच जातीचा घ्या. जुन्या कॅलिपर ब्रेकचा लिव्हर व्ही ब्रेकला लावला की तार कमी ओढली जाते, आणि उतारावर हँडलपर्यंत दाबूनही सायकल पुढेच.

डिस्क असलीच तर तिला दाबणारा मागचा कॅलिपर कुठे बसतो ते बघा. दोन नळ्यांच्या आत, खालच्या नळीवर असेल तर कॅरिअर सरळ लागतो. बाहेर असेल तर कॅरिअरचा पाय वाकवावा लागतो.

मडगार्ड आणि कॅरिअरला वेगळी भोकं हवीत, पाच मिलीमीटरच्या आट्यांची, मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन. एकाच स्क्रूवर दोन्ही लटकवलं की स्क्रू ढिला होतो, दोन्ही खडखडतात. ३५ चं टायर घालणार असाल तर ४५ चं मडगार्ड लागेल, म्हणून बीबीमागे नळ्यांमध्ये निदान ५० मिलीमीटर मोजा. नुसतं टायर जातं हे बघून समाधान मानू नका. चिखलालाही जागा लागते. बीबीच्या मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंत ४४० च्या वर असेल तर कॅरिअरच्या बॅगेला टाच लागत नाही. भाच्याचा बूट नऊ नंबरचा, त्याला ४५० सांगितलं.

ब्रेकच्या तारा फ्रेमच्या पोटातून जाणाऱ्या असतील तर दिसायला देखण्या, बदलायला त्रास, आणि प्रत्येक भोक हे पाण्याचं दार. बाहेरून, पूर्ण लांबीच्या नळीत असलेल्या बऱ्या. गिअरचा हँगर, डिरेलर ज्यावर लटकतो तो, सुटा असेल तर त्याच वेळी जास्तीचा एक मागवून ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दोन वर्षांनी मिळत नाही. पुढच्या चिमट्याची दांडी दीड इंचापर्यंत रुंद होत जाणारी आहे की सरळ, सव्वा इंचाहून थोडी कमी, २८.६ मिलीमीटरची, तेवढं बघून हेडसेट, म्हणजे त्या दांडीचं बेअरिंग, घ्या.

हिरवी फ्रेम परत गेली. मुदत संपायला दोन दिवस होते, ते बरं झालं. दसऱ्याच्या सुमारास दुसरी आली: लोखंडी, काळपट निळी, पुढे तोंड असलेल्या खाचा, १३५, खुंटे, ६८ चं नळकांडं, वजनाला चांगली जड. या वेळी भाच्याने ती दुकानात आणलीच नाही. आधी घरी तांब्याभर पाणी ओतून बघितलं, दिवाणखान्यात. तळाच्या भोकातून धार नीट आली, ताईच्या नव्या सतरंजीवर. फोन मला तिचाच आला.