पास्ता सॉसची बाटली, मेपलची पानं आणि थँक्सगिव्हिंगच्या चिठ्ठ्या

आमच्या न्यू जर्सीत सप्टेंबर संपत आला की दुकानांत 'थँकफुल', 'ग्रेटफुल' असं लिहिलेल्या काचेच्या बरण्या मांडून ठेवतात, आणि किंमत बघितली की मला हसूच येतं, कारण आत असतं काय तर दोन खोटी पानं आणि एक दिवा. तीच बरणी घरी रिकाम्या पास्ता सॉसच्या बाटलीपासून होते. मी गेली काही वर्षं करतेय, त्यात दोनदा पार वाट लागलीय, तर त्या चुका तुम्ही करू नका म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाटली. मेसन जारच पाहिजे असं अजिबात नाही. त्या बरण्या मुळात फळं, भाज्या टिकवायला निघाल्या, 1858 साली जॉन मेसन नावाच्या माणसाने आट्यांच्या झाकणासाठी पेटंट घेतलं होतं. पण त्यांच्यावर बहुतेक वेळा कंपनीचं नाव उठावदार अक्षरात असतं आणि त्यावर पान नीट बसतच नाही. त्यापेक्षा सरळ उभी, गुळगुळीत बाटली घ्या. गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास बुडवून ठेवली की लेबल निघतं, उरलेल्या चिकटीला खायचा सोडा आणि तेल सारखं घेऊन चोळा. लोणच्याची बाटली असेल तर वास काचेला नाही, झाकणाला लागलेला असतो, झाकण सरळ फेकून द्या. शेवटी बाहेरून रबिंग अल्कोहोलने पुसून घ्या आणि मग बोटं लावू नका, बोटांचं तेल लागलं की तिथला गम सुटतो.

आता पानं, खरी गंमत इथेच आहे. झाडाखाली पडून कुरकुरीत झालेली नकोत, त्याच दिवशी पडलेली, हातात वाकवली तरी न तुटणारी हवीत. लहान मेपल मस्त, स्वीटगमची चांदणीसारखी पानं त्याहून मस्त, गिंको मिळाला तर पिवळेधम्मक पंखेच. मुलांना गोळा करायला पाठवणार असाल तर एक सांगून ठेवा: तीन-तीन पानांचा जुडगा, झाडाच्या बुंध्यावर चढलेली किंवा जमिनीवर पसरलेली लालभडक वेल दिसली तर हात लावायचा नाही. ती पॉयझन आयव्ही असते, फॉलमध्ये इतकी सुंदर दिसते की पहिल्यांदा मीच तोडायला निघाले होते. वाळली तरी तिचा त्रास होतोच.

आणलेली पानं किचन पेपरच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं. इथे मी पहिल्या वर्षी चुकले, चांगली दोन आठवडे दाबली, आणि बाटलीभोवती गुंडाळायला गेले तर पापडासारखी मोडली. एक-दोन दिवस पुरे, सपाट झाली पाहिजेत पण मऊ राहिली पाहिजेत. देठ कापून टाका आणि मधली शीर जाड असेल तर पान पालथं ठेवून वरून लाटणं फिरवा, खरंच, पोळीसारखं, मग ते काचेला घट्ट बसतं.

चिकटवायला मॉड पॉज (क्राफ्टच्या दुकानातला गम) घ्या, नाहीतर मुलांचा शाळेचा पांढरा ग्लू (आपला फेविकॉलच समजा) तीन भाग आणि पाणी एक भाग. काचेवर पातळ हात, त्यावर पान, मधून कडेकडे बोटाने दाबत हवा काढायची, आणि लगेच पानावरून दुसरा हात. पांढरं दिसतं म्हणून घाबरू नका, वाळलं की पारदर्शक होतं. कडा उचलल्या तर तिथे परत थोडा गम लावून मिनिटभर धरून बसा, टीव्ही बघत बघत होतं ते. वीस मिनिटांनी अजून एक हात. मात्र ही बाटली नंतर धुवायची नाही, ओल्या फडक्यानेही नाही.

आत बॅटरीचा टी लाइट. खरी मेणबत्ती नको, बाहेर वाळकी पानं आहेत हो. मी तळाशी डाळींचे थर देते, खाली राजमा, मग चणाडाळ, वर मसूर. फॉलचे सगळे रंग आपल्या फडताळातच आहेत की! फक्त डाळी आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून रूमच्या तापमानाला येऊ द्या, मगच भरा. गळ्याला सुतळी आणि दालचिनीच्या दोन काड्या.

सुतळीला ओकची फळं, ते एकॉर्न, बांधायची हौस असेल तर आधी ओव्हनमध्ये 200 फॅरनहाइटला तासभर भाजून घ्या. मी दुसऱ्या वर्षी तशीच बांधली. पाहुणे जेवायला बसले आणि टेबलावर पांढऱ्या गुबगुबीत अळ्या फिरायला निघाल्या. पुढचं विचारू नका.

आता दुसरी बाटली, चिठ्ठ्यांची, म्हणजे कशाबद्दल आभार मानायचे ते घरातल्या प्रत्येकाने लिहून टाकायची. हिला पानं फक्त खालच्या अर्ध्या भागात लावा, म्हणजे चिठ्ठ्या साठताना दिसतात. किराणाच्या खाकी पिशव्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून शेजारी पेन ठेवा. आम्ही 1 नोव्हेंबरला सुरू करतो आणि थँक्सगिव्हिंगला, म्हणजे आभार मानायच्या इथल्या सणाला, महिन्याच्या चौथ्या गुरुवारी, जेवणानंतर उघडतो. (कॅनडातल्या मंडळींचं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीच असतं, त्यांनी सप्टेंबरलाच सुरू करावं.)

एक नियम मात्र करा, 'आई, बाबा, घर, हेल्थ' असलं लिहायचं नाही. मुलं दोन मिनिटांत पाच चिठ्ठ्या पाडून मोकळी होतात. त्या आठवड्यात घडलेली एकच छोटी गोष्ट लिहायची, कोणी काय केलं ते. माझ्या लेकाची एक होती, 'बसस्टॉपवर पाऊस आला तेव्हा शेजारच्या काकांनी गाडीत बसवलं.' अशी पाहिजे. पुण्याचे आजी-आजोबा व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात, मुलगी ऐकून लिहून काढते, तेवढंच तिचं मराठी पण होतं.

सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा आधी त्यांना हे पटेचना. 'अगं घरातल्यांना कसलं थँक्यू, आपण काय परके आहोत का?' म्हणाल्या, आणि बरोबरच आहे, आपल्याकडे घरात कोण कोणाचे आभार मानतं. पण गुरुवारी बाटलीत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी निघालीच: 'सकाळी उठले तर ओटा आवरलेला होता. ज्याने आवरला त्याला.' नवरा आणि मी एकमेकांकडे बघत बसलो, कारण आम्ही दोघांनीही आवरला नव्हता. लेकीने मान खाली घातली होती.

सुट्ट्या संपल्या की चिठ्ठ्या वर्ष घालून पाकिटात जातात. पानांची बाटली खिडकीत ठेवू नका, उन्हाने लाल रंग आधी उडतो. कपाटात अंधारात ठेवली तर माझी दोन सीझन सहज चालते, नंतर ती तपकिरी होते. मग रात्रभर गरम पाण्यात बुडवून सगळं खरवडून काढा, बाटली परत नवी.