शटर ओढण्याआधीची दहा मिनिटं आणि बाकीचा दिवस

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनचं, छोटं वर्कशॉप आहे. आमच्या धंद्यात टेन्शन कामाचं नसतं, कामाच्या पैशाचं असतं. जॉब बिघडला तर दुसरा चढवता येतो. पण सात तारखेला पगार, वीसला जीएसटी, आणि ज्यानं पैसे द्यायचे तो फोन उचलत नाही, यावर टर्निंग मारून भागत नाही. लहान उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत भागवायचं, असा कायदा २००६ पासून आहे. तो दाखवायला गेलं की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते. म्हणून मी धरूनच चालतो, हे टेन्शन राहणार. ते अंथरुणापर्यंत येऊ द्यायचं का, एवढंच आपल्या हातात आहे. बीपीची गोळी सुरू केली की डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात. कसं घ्यायचं नाही, ते आपलं आपण शोधायचं.

पहिली गोष्ट वसुलीची. वसुलीचे फोन मी अकरा ते बारा या वेळातच करतो. बसून, वही समोर घेऊन. वहीत तीन रकाने: कुणाकडून किती, तो काय म्हणाला, पुढचा फोन कधी. रात्री जेवल्यावर पैशाचा एकही फोन नाही. त्या वेळी पैसे मिळत नाहीत, फक्त झोप जाते.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी दहा मिनिटं उद्याची कामं लिहून काढायची. नुसतं ‘पेमेंट बघणे’ लिहून उपयोग नाही. ‘साडेअकराला इचलकरंजीच्या पार्टीला फोन, मागच्या महिन्याचं दुसरं बिल’ असं लिहायचं. मोघम लिहिलेलं काम डोकं रात्री पुन्हा उघडून बसतं. वेळेसकट लिहिलेलं सोडून देतं. आणि वही वर्कशॉपमध्येच ठेवायची. घरी नेली की मंडळी विचारणारच, ‘अहो, आज पण हिशेबच का?’

फोन लावण्याआधी पाच मिनिटं श्वासाची. चार आकडे मोजत नाकानं श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. सोडायचा वेळ जास्त ठेवला की नाडी थोडी मंदावते. मनगटावर बोट ठेवून बघा, कळतं. टूल तापलं की आपण कूलंट सोडतो, तेवढंच हे काम. फक्त मशीन बंद करून आणि बाजूला होऊन. जॉब पकडून फिरणाऱ्या चकशेजारी डोळे मिटायचे नाहीत, हे आमच्या पोरांना वेगळं सांगावं लागतं.

सकाळी रंकाळा तलाव. पूर्ण फेरी साधारण साडेचार किलोमीटरची, बऱ्या चालीनं पाऊण तास ते तास. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते, म्हणजे तीन-चार फेऱ्यांत हिशेब चुकता. चाल कशी, तर शेजाऱ्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये. आमच्या घोळक्यात धंद्याचा विषय काढायला बंदी आहे. महापालिका चालते, पेठांचा फुटबॉल तर फारच चालतो. त्यात आवाज चढतात, पण त्यानं कुणाची झोप गेलेली मी तरी बघितली नाही. जुलैत पाऊस कोसळायला लागला की घरातच सूर्यनमस्कार, संथ. एखाद्याला पन्नाशीत तालीम आठवते आणि पहिल्याच दिवशी जोर-बैठकांचा सपाटा लावतो. असं करू नका. थोडक्यावर सुरुवात करा आणि जोर मारताना श्वास कोंडू नका. कोंडला की बीपी एकदम चढतं. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि फेरी संपली की थेट मिसळीच्या टेबलावर बसणारे बरेच आहेत. रविवारी मीही बसतो. रोज नाही. कट बेताचा घ्यायचा, फरसाण वरून मागायचं नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

खाण्यात तिखटापेक्षा मला मिठाची भीती जास्त. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा, फरसाण सगळं आलं. आमच्या घरात भाताला मीठ घालायचं बंद केलं, भाकरीच्या पिठातलं काढलं आणि ताटात मीठ वाढायची पद्धत मोडली. आठवडाभर सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, नंतर कुणी काही बोललं नाही. तांबडा-पांढरा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, कोल्हापुरात ते ऐकणार कोण? मटण मोजकं घ्या, दुसऱ्यांदा रस्सा मागताना थोडं थांबा. गुळाला मात्र लोक उगीच औषध समजतात. साखरेच्या रुग्णाला गूळही साखरच. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळून मिळणाऱ्या दुधाचा मलाही अभिमान आहे, पण मी ते घरी आणून उकळूनच पितो. कच्च्या दुधातनं ब्रुसेलोसिससारखे आजार होतात.

चहा हा वर्कशॉपचा खरा रोग. पार्टी आली चहा, ड्रायव्हर आला चहा, लाईट गेली तरी चहा. दुपारी चारनंतर बंद. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग चार-पाच तासांनीही अंगात असतो; सातला घेतलेला चहा अकराला जागाच असतो. पाहुण्याला चहा मागवायचा, आपण ताक घ्यायचं, बिनमिठाचं. कुणाला राग येत नाही.

तंबाखूबद्दल भांडण ओढवून घेतो. मळून गालात ठेवली की डोकं शांत होतं, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. निकोटीन नाडी आणि बीपी दोन्ही चढवतं. शांत वाटतं ते तलफ भागली म्हणून, आणि ती तलफ तंबाखूनंच लावलेली असते. मिश्रीही त्यातच आली, ती घरातल्या बायकांनाही सांगा. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

झोप सात तास. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. एवढंच.

बीपी घरी मोजत असाल तर नीट मोजा, नाहीतर मशीनचा आकडा बघूनच टेन्शन वाढतं. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं काही नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, पट्टा शर्टावर नाही. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहायचे. घरी सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर ती वही डॉक्टरांकडं न्यायची. एकाच दिवशी आकडा वर गेला म्हणून मनानं गोळी वाढवायची नाही, आणि चार दिवस बरा आला म्हणून बंद तर मुळीच करायची नाही. छातीत दुखायला लागलं, तोंड वाकडं झालं किंवा बोलताना जीभ अडखळली, तर मोजत बसायचं नाही. १०८ लावायचा.

आणि हे सगळं करूनही दोन आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर ते चालण्यानं आणि ताकानं बरं होणारं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, नंबर, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या वर्कशॉपमध्ये तो मेन स्विचच्या वर ठळक अक्षरात लिहून ठेवलाय, मालक आणि कामगार दोघांसाठी.